पात बांधलेलं मडकं

बाजारातून टोपली भरलेलीच परत आली की आत्याबाई काही बोलत नसत. टोपलीकडे बघत, मग माझ्याकडे बघत, आणि खाटेवर कूस बदलत. चार शब्द सुनावले असते तर परवडलं असतं, अशी ती कूस.

टोपलीत बेलवांगी असायची. आता सोलापुरात सगळे टमाटे म्हणतात आणि आमटीत घालतात, पण मी सांगते त्या वर्षी भवानी पेठेतल्या बाया ते फळ हातात घेत, दाबून बघत आणि इंगळी डसल्यासारखं परत टाकत. चिरलं की आतून मांसासारखं दिसतं, एवढंच कारण. ज्यांच्या घरात अंडं शिवत नाहीत त्यांनी असं म्हटलं तर मी समजू शकते. पण आमच्या आत्याबाई, म्हणजे माझ्या सासूबाई रंभाबाई, नळीचं हाड असं चोखत की नंतर कुत्र्यानंही त्याच्याकडे पाठ फिरवावी. त्यांचंही तेच.

"मटण असंल तर मटणागत असावं," त्या म्हणत. "भाजीनं मटणाचं सोंग कशापायी आणायचं? लबाड फळ हाय ते."

मळा आमचा पेठेच्या मागं, नाल्याच्या अंगाला. विहिरीला उन्हाळ्यातसुद्धा पाणी. माझे मालक जोतीराम होते तोवर तिथं वांगी, मिरची, कांदा, मेथी निघायची. ते गेल्यावर लोकांना वाटलं, आता ही बाई तोंडाला पदर लावून कोपऱ्यात बसणार. मी पदर खोचला आणि वाफे केले. मोट हाकायला गडी होता. बाकीचं मला येत होतं, आणि जे येत नव्हतं ते मी करून बघत असे. बेलवांग्याचं बी मिलच्या साहेबाच्या बंगल्यावरच्या माळ्यानं दिलं. एक पिकलेलं फळ मी तिथंच कुंपणाशी उभ्यानं खाल्लं. रस कोपरापर्यंत ओघळला. स्वतःचं कोपर चाटता येत नाही याचं त्या दिवशी मला पहिल्यांदा वाईट वाटलं, आणि अर्ध्या मळ्यात हेच लावायचं असं मी ठरवून टाकलं.

माझे धाकटे दीर कोंडीबा मंगळवेढ्याला असतात. तिकडं काळी जमीन, ज्वारी, आणि जोडीला बैलांचा व्यापार. माणूस वाईट नाही. फक्त जगात ज्वारी सोडून आणखी काही उगवतं यावर त्यांचा विश्वास नाही. सोलापूरच्या बाजाराला आणलेल्या बैलांसाठी आमच्या मळ्यात कडवळ करावं, म्हणजे हिरवा चारा दाराशीच, असं त्यांच्या मनात फार दिवसांचं होतं. दसऱ्याला ते आले, अर्धा मळाभर ती केसाळ पानांची रोपं बघितली आणि भाऊबंदांना गोळा करून आणलं.

मळा आत्याबाईंच्या माहेरचा, आंदण आलेला, त्यामुळे बोलणार त्याच. सगळ्यांच्या देखत माझ्याकडे, म्हणजे गोजरीकडे, बोट करून त्या म्हणाल्या, "संक्रातीपतुर बाजारानं हे उचललं तर मळा गोजरीनं बघावा. न्हाय उचललं तर कोंडीबानं नांगर घालावा आन गोजरीनं चूल बघावी. झालं."

आत्याबाईंचं "झालं" म्हणजे काय, ते सांगायला हवं. एकदा त्यांचं सख्ख्या बहिणीशी वाजलं. "तुझ्या दारातला लिंब उभा हाय तोवर मी तुझी पायरी चढणार न्हाय," असं त्या बोलून गेल्या. बहीण पेठेतच, हाकेच्या अंतरावर. वर्षानुवर्षं दोघी आपापल्या ओट्यावरून एकमेकींकडे बघत बसायच्या. मग एका वळवाच्या वादळात लिंब आडवा झाला. दुसऱ्या दिवशी सकाळी आत्याबाई पुरणपोळ्या घेऊन बहिणीच्या दारात. रागाची धग कधीच विझलेली होती; शब्द तेवढा उभा होता.

आणि नाक. माझे सासरे घेणारे होते. ते वळणावर दिसायच्या आधी आत्याबाई चुलीपाशी बसल्या बसल्या सांगायच्या, "आज मोहाची हाय," किंवा "आज ताडी. लई न्हाय." कधी चुकल्या नाहीत. बापाचं ते सगळं बघून कोंडीबा भावजींनी मात्र जन्मात दारूचा थेंब चाखला नाही. बाटलीजवळ नाकसुद्धा नेत नाहीत.

तर त्या हिवाळ्यात फळ धरलं, आणि काय धरलं! काठ्या वाकल्या. रोज तोडायचं, रोज बाजारात न्यायचं, रोज परत आणायचं. त्यात आणखी एक त्रास. आत्याबाईंची खाट मळ्यातल्या घराच्या पडवीत, आणि पडवीला लागूनच पहिली ओळ. त्या ओळीतलं सगळ्यात पिकलेलं फळ सकाळी जागेवर नसे.

"साळुंक्या," आत्याबाई म्हणत. "मी हाकलते की. पर माझं वय काय, त्यांचं वय काय."

मी गोफण आणून त्यांच्या उशाशी ठेवली. त्यांनी ती कधी फिरवलेली मी बघितली नाही.

*

माझं पक्कं गिऱ्हाईक एकच होतं, शिरीनबाई. सदर बझारात त्यांचं विलायती दारूचं दुकान. पारशी लोक बेलवांगं अंड्यात घालतात, भातात घालतात, मला वाटतं चहात तेवढं घालत नसतील. पण एक घर खाऊन खाऊन किती खाणार?

संक्रांतीच्या आधीच्या आठवड्यात मी त्यांच्या ओट्यावर टोपली टेकली तेव्हा त्या एका लाकडी पेटीवर बसून तिलाच शिव्या घालत होत्या.

"बघ गोजर, ही पेटी बघ. मिलमधी मशीन बसवायला तो साहेब आला होता ना, रशियाकडचा का पोलंडकडचा? बोलला, शिरीनबाई, माझ्यासाठी व्होडका मंगाव. मी बंबईवरून मंगावली. पेटी आली, नी साहेब गेला! आता कोण घेतो? रंग नाय, गोडी नाय. गिऱ्हाईक बोलतो, बाई, विहिरीचं पाणी बाटलीत भरून विकते का?"

"माझ्या लाल मालाला रंग हाय म्हणून कुणी घेत न्हाय," मी म्हटलं, "आन तुमच्या पांढऱ्याला रंग न्हाय म्हणून."

शिरीनबाई पेटीवरून उठल्या. त्यांनी माझ्या टोपलीतलं एक फळ उचललं, पेटीतली एक बाटली उचलली, आणि दोन्ही हात उन्हात धरले.

"माझो भाचो नाताळात आला होता. बंबईच्या मोठ्या हॉटेलात बटलर हाय. बोलला, मासी, साहेब लोकांनी पॅरिसकडून नवं खूळ आणलंय. टमाट्याचा रस, त्यात व्होडका, वरती मीठ, मिरी, लिंबू, नी तो काळा सॉस. गोड नाय गोजर, तिखट दारू! आदल्या दिवशीची उतरत नसली तर साहेब दुपारी ही पितो नी घोड्यासारखा उभा राहतो."

"नाव काय तिचं?"

"पिऊन झाल्यावर नाव कोणाला आठवतो?" त्यांनी बाटली काखेत मारली. "रविवारी टेनिस खेळून मिलचे साहेब माझ्या ओट्यावर बसतात. आपण बनवायची. पण रस काढायला पाटा पायजे, नी तुझा हात पायजे. मी तुझ्या घरी येते."

"माझ्या घरात म्हातारी हाय."

"माझ्या घरात म्हातारो हाय. म्हातारो जास्त बोलतो."

मी विचार केला. घरात दारू येणार, ती मी माझ्या हातानं कालवणार, पेठेला कळलं तर पेठ बोलणार. दुसऱ्या बाजूला संक्रांत आली होती आणि भावजी गड्ड्याच्या जत्रेला, बैलांच्या बाजारासाठी, येणारच होते. त्यांचा नांगर मला झोपेतसुद्धा दिसत होता असं काही नाही, मी झोपते तेव्हा झोपते. पण जागेपणी दिसत होता.

"या," मी म्हटलं.

*

रविवारी दुपारी शिरीनबाईंचा टांगा मळ्यात आला. बाटली त्यांनी टॉवेलात गुंडाळून छातीशी धरली होती.

"पारशिणीनं काय आणलंय? लेकरू व्हय?" आत्याबाईंनी खाटेवरून विचारलं.

"औषध, रंभाबाई," शिरीनबाई म्हणाल्या. "साहेब लोकांचं."

आम्ही मागच्या अंगणात चुलीपाशी गेलो. शिरीनबाईंनी बूच काढलं आणि माझ्या नाकाशी धरलं. मला काही कळलं नाही. ओल्या पाटीसारखा काहीतरी पुसटसा वास. पण पडवीतून, भिंतीच्या पलीकडून आवाज आला, "औषध कडक हाय गं बाई! ज्वारीचं हाय का गव्हाचं?"

शिरीनबाईंनी बूच घाईघाईनं परत लावलं. "ही म्हातारी माझ्या दुकानात नोकरीला पायजे," त्या हळूच म्हणाल्या.

आता खरं सांगायचं तर मी सुरुवातच चुकीची केली, पण माझ्या जागी पेठेतली कुठलीही बाई असती तरी तिनं हेच केलं असतं. बेलवांग्याचा रस म्हणजे आमच्या लेखी सार. सार म्हणजे उकळायचं. शिरीनबाई सांगत होत्या की भाचा उकळायचं काही बोलला नाही, पण तो बटलर, त्याला काय कळतं, असं म्हणून मी फळं शिजवली, घोटली, आणि वर तुपाची फोडणी दिली, जिरं, हिंग, कढीपत्ता. वास असा सुटला की मोटेवरचा गडी मोट थांबवून बघायला लागला. सार रटरटायला लागलं तेव्हा मी बाटली घेतली आणि ओतली.

भक्क!

पातेल्यातून निळा जाळ उठला आणि माझ्या पदराला विचारून गेला. मी मागं, शिरीनबाई त्याच्या मागं, आणि टांग्याचा घोडा सगळ्यांच्या मागं. जाळ जसा आला तसा बसला. माझी एक भुवई मात्र करपली.

"काय पेटलं?" पडवीतून विचारणा झाली.

"काय न्हाय, आत्याबाई. फोडणी."

"अशी फोडणी मी करत असते तर म्हातारा घरीच बसला असता."

शिरीनबाई पायरीवर बसून डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसल्या. मग त्यांनी पातेल्यातलं चमचाभर चाखलं. "चांगलं सार हाय. पण दारू उडून गेली वरती, देवाकडे. परत कर. कच्चा रस."

कच्चं तर कच्चं. उकळून चूक झाली म्हणजे न उकळता बरोबर येणार, हे तर उघडच होतं. मी सगळ्यात पिकलेली फळं निवडली, देठाकडचा हिरवा भाग काढला आणि पाट्यावर घेतली. वरवंटा फार दाबायचा नाही, नाहीतर बिया फुटतात आणि कडवट होतं. लगदा जमला, आता गाळायला पातळ कापड हवं. घरात पातळ कापड एकच होतं, मालकांचा फेटा. लग्नातला, धुऊन धुऊन जाळीसारखा झालेला. पेटीच्या तळाशी होता. मी तो काढला, झटकला आणि घेऊन निघाले.

पडवीतून जावं लागतं. आत्याबाई उठून बसल्या.

"जोतीरामचा फेटा व्हय त्यो?"

"व्हय."

मी थांबले. नको म्हणाल्या असत्या तर मी परत ठेवला असता. त्यांनी फेट्याचं टोक हातात घेतलं, बोटांमध्ये चोळून बघितलं आणि सोडून दिलं. कूस बदलली नाही.

फेट्यातून रस असा उतरला, दाट, लाल, एकसारखा, की मी आणि शिरीनबाई नुसत्या बघत बसलो. मग चव. मीठ घातलं. मिरी जाडसर कुटून घातली. लिंबू पिळलं. शिरीनबाईंनी काळ्या सॉसची बाटली उलटी केली तर आतून दोन थेंब आले आणि एक माशी.

"अरे, माझ्या म्हाताऱ्यानं सगळा संपवला!" त्या कपाळाला हात लावून म्हणाल्या. "आता काय? भाचो बोलला, सॉसबिगर जान नाय."

मी ते दोन थेंब बोटावर घेऊन चाखले. (माशी बाजूला केली होती.) आंबट, थोडं गोड, मागून तिखट, आणि तळाशी काहीतरी उग्र.

"ही चिंच हाय," मी म्हटलं. "हिला विलायतेत नेऊन बाटलीत कोंडलंय एवढंच."

चिंचेचा कोळ केला, त्यात गुळाचा खडा, चिमूट हिंग, भाजलेल्या जिऱ्याची पूड आणि आमचं काळं तिखट, भाजलेल्या मसाल्याचं, जे सोलापुरातल्या घरात मिठाच्या शेजारी असतं. ते रसात कालवलं. रंग किंचित खोल झाला. जीभ म्हणाली, आता थांब. मी थांबले. हात कधी थांबवायचा हे मला कळतं. त्याबद्दल मी कुणाकडून ऐकून घेणार नाही.

पितळेत आंबट कळकतं, म्हणून दोन मडकी घेतली. मोठ्यात साहेबांसाठी रस आणि बाटली, उरलेली सगळी. लहानात माझ्यासाठी नुसता रस, कारण एवढी मेहनत केल्यावर मलाही काहीतरी प्यायला हवं होतं. घोटाळा नको म्हणून मोठ्याच्या गळ्याला मी हिरव्या कांद्याची पात बांधली. पात बांधलेलं ते दारूचं. दोन्ही मडकी दोरानं विहिरीत सोडली, पाण्याला टेकतील अशी, गार व्हायला.

काढली तेव्हा मडकी घामेजली होती. शिरीनबाईंनी टॉवेलातून दोन काचेचे पेले काढले, एकात पात बांधलेल्या मडक्यातलं ओतलं, डोळे मिटून घोट घेतला.

"बोला की," मी म्हटलं.

"गोजर," त्या डोळे न उघडता म्हणाल्या, "माझो भाचो गाढव हाय. तिथं बंबईत काय करतो तो?" मग मडक्याची पात थोडी तोडून त्यांनी पेल्यात उभी केली. "असं देणार साहेबाला. ढवळायला."

उन्हं कलायच्या आत त्या पात बांधलेलं मडकं मांडीत घेऊन टांग्यात बसल्या. एक पेला माझ्याकडेच राहिला. नुसत्या रसाचं लहान मडकं मी पुन्हा विहिरीत सोडलं.

*

शिरीनबाईंचा टांगा नाल्यापलीकडे गेला आणि कोंडीबा भावजींची बैलं आली. भावजी पडवीत बसले, पाणी प्यायले, आणि कोपऱ्यातली भरलेली टोपली त्यांना दिसली. दिसणारच. दुसऱ्या कोपऱ्यात दुसरी होती.

"वैनी, माझं काय वाकडं न्हाय तुमच्याशी," ते म्हणाले. आणि खरंच नव्हतं. "पर संक्रात आली. बाजारानं उचललं न्हाय. आयेचा शब्द हाय, भाऊबंदात दिलेला. जत्रा झाली की मी नांगर घालतो."

"आजच मागणी आलीया," मी म्हटलं. "शिरीनबाई मडकं घेऊन गेल्या."

"पारशिणीनं दारूत घालायला नेलं, ते बाजारानं उचलणं न्हवं," भावजी म्हणाले. गड्यानं सांगितलं असणार. "आये, तूच सांग."

आत्याबाईंनी मान वळवली. मी त्यांच्याकडे बघितलं. त्या मळ्याकडे बघत होत्या, त्या पहिल्या ओळीकडे. मला कळलं की त्यांच्या शब्दाचा लिंब पुन्हा उभा राहिला आहे आणि वादळाचं चिन्ह नाही.

मग एकाएकी त्या म्हणाल्या, "गोजरे, त्यातलं हिरीत उरलंय न्हवं? आण."

"आत्याबाई, ते..."

"आण म्हणते. ज्यापायी माझ्या दारात भांडण आलं ते चाखायला नगं व्हय?"

"आये, दारू हाय त्यात!" भावजी उठून उभे राहिले.

"मग? तुझ्या बापानं आयुष्यभर माझ्या वाटणीची प्यायली. एक पेला माझाबी निघतो."

मी विहिरीवरून मडकं काढून आणलं. त्याच्या गळ्याला पात नव्हती. मी तोंड उघडणार होते की ह्यात दारू नाही, पण आत्याबाईंनी मडकं माझ्या हातातून घेतलं, त्यावर वाकून एक लांब श्वास घेतला, आणि माझ्याकडे बघितलं. नुसतं बघितलं. मी तोंड मिटलं.

पहिला पेला त्यांनी सावकाश घेतला. दुसरा घटाघट. तिसरा संपला तसा त्यांनी खांबाला हात लावला आणि म्हणाल्या, "फिरतंय."

"बघा!" भावजी म्हणाले.

"कोंड्या," आत्याबाई म्हणाल्या, आणि आवाज जरा ओढला, सासरे ओढायचे तस्सा. "तुझी ज्वारी चांगली हाय. भाकरी चांगली लागती. पर साऱ्या जन्मात तुझ्या ज्वारीनं माझी जीभ कदी चळली न्हाय. ही बघ." त्यांनी रिकामा पेला भावजींच्या नाकासमोर धरला. भावजी दोन पावलं मागं सरकले. "ही गोजर. नवरा गेल्यावर हिनं माती धरली. कुणी शिकवलं? मी? मी निस्ती कूस बदलत व्हते."

"आये, तू शुद्धीत न्हाईस."

"शुद्धीत असते तर बोलले असते व्हय?" त्या खाटेच्या काठावर बसल्या, किंवा कोसळल्या, दोन्हीच्या मधलं काहीतरी. "माझ्या जोतीरामच्या फेट्यातनं गाळलंय हे. त्यात मी खोट काढू? मळा गोजरीचा. बाजारानं उचलू दे न्हाय तर बाजार उलथू दे. माझ्या बापाचा मळा हाय, मी म्हणते गोजरीचा. झालं."

आणि त्या आडव्या झाल्या, पदर तोंडावर घेतला आणि घोरायला लागल्या. फार लवकर घोरायला लागल्या.

भावजी माझ्याकडे बघत राहिले. "सकाळी उतरंल," ते म्हणाले. "सकाळी बोलू."

मी पेला विसळला. आत्याबाईंच्या खाटेखाली झाडलं तेव्हा उशाकडच्या खुराजवळ एका वाटीत जाडं मीठ मिळालं, आणि गोफणीच्या चामड्यात बेलवांग्याचे चार देठ. ते मी होते तिथंच ठेवले.

*

सकाळी आत्याबाई सगळ्यांच्या आधी उठून तोंड धुऊन बसल्या होत्या, डोक्याला फडकं बांधून.

"लई दुखतंय," त्या म्हणाल्या.

"आये," भावजींनी सुरुवात केली, "काल तू जे बोललीस..."

"काय बोलले?"

"मळा वैनीचा म्हणालीस. पर ते दारूत. दारूतला शब्द काय शब्द असतो?"

आत्याबाईंनी फडकं जरा सैल केलं. "कोंडीबा, तुझं लगीन कुटं ठरलं?"

"हितंच. गड्ड्यात."

"कुणी ठरवलं?"

भावजी पागोट्याची गाठ चाचपायला लागले.

"तुझ्या बापानं ठरवलं. बैल घ्यायला गेला आन व्याही घेऊन आला, पाय जाग्यावर न्हवतं. सकाळी मला म्हणतोय, रंभे, मी काल कुणाला काय बोललो गं? म्या म्हटलं, बोललास ते बोललास, आता सुपारी फोड. दारूतला शब्द शब्द न्हवं म्हणतोस, तर दगडाबाईला सांगू व्हय आज, की माघारी जा?"

दगडाबाई म्हणजे भावजींची बायको. सगळ्या जगात भावजी एकाच माणसाचं ऐकतात, आणि ते ऐकण्यात ते सुखी आहेत हे मंगळवेढ्यात कुणालाही विचारा. त्यांनी एकदा बैलांकडे बघितलं. मग हसले. त्यांना हसताना मी फार थोड्या वेळा बघितलंय, जोतीरामसारखे दिसतात.

"बरं," ते म्हणाले. "मळा वैनीचा. पर कडेला एवढं कडवळ तरी करू द्या की. बैलं उपाशी येत्यात माझी."

"विहिरीच्या खालच्या अंगाला करा," मी म्हटलं. "पाणी मी देते."

जत्रा उरकून ते निघाले तेव्हा मी त्यांच्या गाडीत एक टोपली ठेवली. दगडाबाईला सांगा म्हटलं, मीठ लावून खा. त्यांनी टोपली उतरवली नाही. फक्त वरून घोंगडं टाकलं, मंगळवेढ्यापर्यंत कुणाला दिसू नये म्हणून.

त्या सोमवारीच दुपारी शिरीनबाई आल्या. हातात रिकामं मडकं, गळ्याला सुकलेली पात तशीच.

"गोजर! साहेब लोक भांडले शेवटच्या पेल्यासाठी! पुढच्या रविवारी दोन मडकी. नी मड्डम बोलते, दारूबिगर पण एक पायजे, तिच्यासाठी." मग आत्याबाईंच्या डोक्यावरचं फडकं बघून त्या थांबल्या. "रंभाबाईंना काय झालं?"

"काल जरा जास्त झाली," आत्याबाई म्हणाल्या.

शिरीनबाईंनी माझ्याकडे बघितलं, हातातल्या पात बांधलेल्या मडक्याकडे बघितलं, पुन्हा आत्याबाईंकडे बघितलं. दुकानदार बाई. मडकं माझ्या हातात दिलं आणि पुढच्या रविवारचा भाव ठरवायला लागल्या.

पेठेनं फळ उचललं ते हळूहळू. आधी मड्डमच्या आचाऱ्यानं, मग आचाऱ्याच्या बायकोनं, मग तिच्या शेजारणींनी. ते व्हायचंच होतं. मी कुंपणाशी उभी होते तेव्हाच मला ते माहीत होतं. पण आमच्या घरात त्या रविवारपासून एक रीत पडली. दर रविवारी दोन मडकी विहिरीतून निघतात. पात बांधलेलं शिरीनबाईंकडे जातं. दुसऱ्यातला पेला मी आत्याबाईंना देते. त्या आधी वास घेतात आणि म्हणतात, "आज लई कडक केलीस." मग तो पेला संपेपर्यंत त्यांना चढते, आणि चढली की त्या मला "माझी गोजर" म्हणतात, मालकांच्या लहानपणच्या गोष्टी सांगतात, कधी माझ्या तोडणीचं, कधी माझ्या वाफ्यांचं कौतुक करतात. सोमवारी सकाळी पुन्हा कूस बदलतात.

मागच्या रविवारी मात्र तिसऱ्या घोटाला त्या थांबल्या.

"गोजरे, मीठ कमी हाय."

"वाटी तुमच्या खाटेखाली हाय, आत्याबाई."

त्यांनी माझ्याकडे बघितलं. मी शेंगा सोलत होते, मान वर केली नाही. त्यांनी वाकून वाटी काढली, चिमूटभर मीठ पेल्यात टाकलं, बोटानं ढवळलं, आणि उरलेला पेला एका दमात संपवला.

"चढली गं बाई," त्या म्हणाल्या, आणि माझ्या पुढ्यातल्या शेंगा सोलायला लागल्या.